जिवाणूंची गणपूर्ती आणि बीडचे शिवार

खरिपाची पेरणी तोंडावर आली की बीड जिल्ह्यात गेवराईपासून परळीपर्यंत सोयाबीनच्या बियाण्यावर बीजप्रक्रिया सुरू होते. आधी बुरशीनाशक लावले जाते आणि सर्वांत शेवटी, गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात कालवलेले रायझोबियमचे जिवाणू खत हलक्या हाताने चोळून बियाणे सावलीत सुकवले जाते. दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅमचे एक पाकीट हे प्रमाण कृषी सहायकापासून कृषी सेवा केंद्राच्या दुकानदारापर्यंत सर्वांच्या तोंडी बसलेले आहे. खत नियंत्रण आदेशानुसार भुकटीच्या स्वरूपातील अशा खताच्या दर ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात, म्हणजे पूर्ण पाकिटात साडेबाराशे कोटी. सोयाबीनच्या शंभर दाण्यांचे वजन बारा ग्रॅम धरले तर एकेका दाण्याच्या वाट्याला दीड लाखाच्या आसपास जिवाणू येतात. पाकीट दुकानाच्या पत्र्याखाली उन्हात तापले असेल तर हा हिशेब कागदावरच राहतो, हे वेगळे सांगायला नको. पाकीट उत्तम निघाले, तरी एक प्रश्न उरतोच: दाण्याभोवती जमलेले हे दीड लाख जीव आपापल्यापुरते जगतात, की शेजारी किती आहेत याची दखल घेऊन आपले वागणे बदलतात? सूक्ष्मजीवशास्त्राने गेल्या सहा दशकांत या प्रश्नाचे जे उत्तर शोधले, ते आणि त्याचा या जिल्ह्याच्या मातीशी असलेला संबंध हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

जिवाणू हा एकपेशीय जीव असल्यामुळे त्याचे सारे व्यवहार त्या एका पेशीत सुरू होतात आणि तिथेच संपतात, अशी समजूत दीर्घकाळ होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. एकेक जात वेगळी काढून शुद्ध स्वरूपात वाढवायची, या पद्धतीनेच तर रोगजंतूंची ओळख पटली होती. या समजुतीला पहिला धक्का १९६५ मध्ये अलेक्झांडर टोमाझ यांनी दिला. न्यूमोनियाला कारण होणाऱ्या न्यूमोकॉकस जिवाणूंमध्ये बाहेर पडलेला डीएनए आत ओढून घेण्याची क्षमता असते. ती समूहातील बहुतेक पेशींमध्ये जवळजवळ एकाच वेळी जागी होते आणि पेशींनी स्वतःच बाहेर सोडलेला, प्राण्यांच्या संप्रेरकासारखे काम करणारा एखादा पदार्थ तिला जागे करतो, असे त्यांनी दाखवले. त्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

पुढचा पुरावा समुद्रातून आला. हार्वर्ड विद्यापीठात जे. वूडलँड हेस्टिंग्ज यांच्या प्रयोगशाळेत प्रकाशमान सागरी जिवाणूंवर काम चालू असताना एक विसंगती नजरेत आली होती: ताज्या पोषकद्रवात सोडलेले जिवाणू दुपटीने-चौपटीने वाढत राहतात, पण प्रकाश मात्र होता तिथेच रेंगाळतो आणि वाढीच्या एका टप्प्यावर एकदम उसळतो. ताज्या द्रवातच प्रकाश रोखणारे काहीतरी असते आणि जिवाणू ते हळूहळू संपवतात, असे एक स्पष्टीकरण तेव्हा पुढे आले होते. केनेथ नीलसन, टेरी प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी १९७० मध्ये त्याच्या उलट बाजूने विचार केला. ज्या द्रवात जिवाणू दाट वाढून गेले होते त्यातून पेशी गाळून काढल्या आणि उरलेला द्रव नव्या, विरळ जिवाणूंना दिला. ते जिवाणू वेळेआधीच उजळले. द्रवातून काही वजा होत नव्हते, त्यात काही जमा होत होते. या जमा होणाऱ्या पदार्थाला स्वयंप्रेरक असे नाव मिळाले, कारण तो तयार करणारी पेशीच त्याने प्रेरित होते. अनातोल एबरहार्ड आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये त्या रेणूची रचना उलगडली, आणि १९८३ मध्ये जोॲन एंगेब्रेख्ट, नीलसन व मायकेल सिल्व्हरमन यांनी प्रकाशाची जनुके आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूत घालून त्यालाही चमकायला लावले.

यंत्रणा साधी आहे. एक जनुक असे एन्झाइम बनवते की जे संदेशरेणू तयार करते, आणि दुसरे जनुक तो रेणू ओळखणारे ग्राही प्रथिन बनवते. विरळ वस्तीत रेणू पेशीबाहेर पडून पाण्यात विखरून जातो. वस्ती दाटली की बाहेरची तीव्रता वाढते, रेणू पेशीत परत शिरून ग्राही प्रथिनाला चिकटतो, ही जोडी डीएनएवर बसते आणि प्रकाशाच्या जनुकांबरोबर संदेशरेणू बनवणारे जनुकही जोरात चालू करते. त्यामुळे एकदा उंबरठा ओलांडला की संदेश स्वतःच स्वतःला वाढवत नेतो, आणि प्रकाश टप्प्याटप्प्याने न चढता एकदम उसळतो. क्ले फुक्वा, स्टीफन विनान्स आणि पीटर ग्रीनबर्ग यांनी १९९४ मध्ये या प्रकाराला क्वोरम सेन्सिंग म्हटले; मराठीत त्यासाठी गणपूर्ती-संवेदन हा शब्द चालण्यासारखा आहे. महाराष्ट्रात ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते, आणि ती नसेल तर सभा तहकूब होते. जिवाणूंचीही सभा अशीच तहकूब राहते, फरक एवढाच की तहकूब ग्रामसभेला पुढच्या वेळी गणपूर्तीची अट उरत नाही, आणि तशी सवलत जिवाणूंना नाही.

संदेशाचे रसायन मात्र सर्वत्र एक नाही. ज्यांच्या पेशीला बाहेरून आणखी एक आवरण असते अशा ग्राम-ऋण जिवाणूंमध्ये बहुधा ॲसिल होमोसेरीन लॅक्टोन या वर्गातील रेणू आढळतात; त्यांचे डोके एका लहान वलयाचे असते, त्याला स्निग्धाम्लाची शेपटी जोडलेली असते, आणि शेपटीची लांबी व तिच्यावरचे बारीकसारीक बदल जातीजातीनुसार वेगळे असल्यामुळे परक्याचा संदेश सहसा आपल्याला लागू होत नाही. जाड भिंतीच्या ग्राम-धन जिवाणूंमध्ये हे काम पेप्टाइडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या करतात. दह्याच्या विरजणात सापडणारा लॅक्टोकॉकस हा त्याचा घरातला नमुना: त्याच्या काही वाणांत तयार होणारे निसिन शेजारच्या परक्या जिवाणूंना मारते आणि त्याच वेळी आपल्या भाऊबंदांना आणखी निसिन बनवण्याची सूचनाही देते, म्हणजे शस्त्र आणि निरोप हा एकच रेणू आहे. याखेरीज प्रिन्स्टन विद्यापीठातील बॉनी बॅसलर यांच्या गटाने एक असा संदेशरेणू अभ्यासला की जो परस्परांपासून फार दूरच्या जातीही बनवतात. त्याचे एक रूप २००२ मध्ये उलगडले तेव्हा त्यात बोरॉन हे मूलद्रव्य निघाले, जे सजीवांच्या रेणूंमध्ये क्वचितच सापडते.

या सगळ्या वर्णनात एक गृहीत दडलेले आहे आणि ते तपासून घेणे आवश्यक आहे. पेशी खरोखर शेजाऱ्यांची संख्या मोजते का? रोझमेरी रेडफील्ड यांनी २००२ मध्ये असा मुद्दा मांडला की पेशीला कळते ती फक्त बाहेरच्या रेणूची तीव्रता, आणि ती जशी गर्दीमुळे वाढते तशी जागा बंदिस्त असल्यामुळेही वाढते. एन्झाइमांसारखा महागडा माल बाहेर सोडला तर तो वाहून जाईल की आसपास टिकेल, याची चाचपणी जिवाणू स्वस्तातला एक रेणू सोडून घेत असावा. प्रयोगांनीही याला बळ दिले: अगदी लहान कप्प्यात कोंडलेला एकटा स्टॅफिलोकॉकसही गणपूर्ती झाल्यासारखा वागतो. या दोन मतांपैकी एकच खरे मानण्याचे कारण दिसत नाही. मोकळ्या पाण्यात संख्या निर्णायक ठरते, तर मातीत, जिथे पाणी कणांच्या फटींत अडकलेले असते, तिथे रेडफील्ड यांचे म्हणणे अधिक वजनदार वाटते.

बीड जिल्ह्याच्या संदर्भात हा मुद्दा केवळ तात्त्विक राहत नाही. गोदाकाठच्या गेवराई-माजलगाव पट्ट्यात खोल काळी माती आहे आणि बालाघाटच्या रांगेवर पाटोदा, धारूर, केजच्या बाजूला ती उथळ, हलकी, मुरमाड होत जाते. दोन्ही बेसाल्ट खडकापासून बनलेल्या, आणि खोल काळी माती बहुतेक ठिकाणी चुनखडीयुक्त व विम्लधर्मी आहे. ॲसिल होमोसेरीन लॅक्टोनचे वलय विम्ल पाण्यात उघडते आणि उघडलेला रेणू ग्राही प्रथिनाला ओळखू येत नाही. सामू जितका वर, तितके हे उघडणे जलद. म्हणजे तेवढेच जिवाणू आम्लधर्मी तांबड्या मातीत असते तर त्यांचा निरोप जितका काळ टिकला असता, तितका तो चुनखडीच्या काळ्या रानात टिकणार नाही. दुसरी गोष्ट ओलाव्याची. वाफसा असताना मातीच्या कणांवरील पाण्याचे पापुद्रे एकमेकांना जोडलेले असतात आणि रेणू त्यांतून सरकू शकतो. पावसाचा खंड पडला, जमीन भेगाळली, की हे पापुद्रे तुटतात, रेणू जागच्या जागी अडकतो आणि मूठभर पेशींच्या कप्प्यातही तीव्रता चढू शकते. या दोन परिणामांच्या दिशा परस्परविरुद्ध आहेत, आणि जुलैत पंधरा दिवस पाऊस ओढ देतो तेव्हा त्यांपैकी कोणता वरचढ ठरतो, हे प्रत्यक्ष मातीत मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. शिवाय मातीत ऐकून घेणारेच असतात असे नाही. बॅसिलस कुळातील काही मृद्-जिवाणू लॅक्टोनेझ नावाचे एन्झाइम बनवतात आणि शेजाऱ्याचा संदेश येईल तसा तोडून टाकतात.

आता पुन्हा सोयाबीनच्या मुळाकडे यावे लागते, कारण तिथे संदेशांची देवाणघेवाण दोन वेगवेगळ्या सजीवसृष्टींमध्ये होते. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी, वाफशावर, खुरप्याने माती सैल करून झाड अलगद उपटले, तर सोटमुळाच्या वरच्या भागावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या ते वाटाण्याएवढ्या गाठी लगडलेल्या दिसतात. गाठ नखाने फोडली आणि आतला गर गुलाबी-लाल निघाला तर ती कामाची. हा रंग लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा, जे प्राणवायूची ये-जा आवरून धरते, कारण हवेतील नत्र पकडणारे जिवाणूंचे एन्झाइम मोकळ्या प्राणवायूत निकामी होते. गर पांढरट किंवा हिरवट निघाला तर गाठ असूनही नत्राच्या बाबतीत झाड उपाशी असते.

ही गाठ बांधली जाण्याआधी रसायनांचा बराच पत्रव्यवहार होतो. सोयाबीनचे मूळ जेनिस्टीन आणि डेडझीन यांसारखी फ्लॅव्होनॉइड द्रव्ये मातीत सोडते. सोयाबीनच्या गाठीतला जिवाणू, ब्रॅडीरायझोबियम, ती ओळखून नॉड घटक नावाचा रेणू तयार करतो, ज्याची रचना प्रथम १९९० मध्ये लसूणघासाच्या जिवाणूत उलगडली. त्या रेणूने मूळकेस वळतो, वळणात जिवाणू अडकतात आणि एका बारीक नळीतून आत शिरतात. शेंगवर्गीय पिकांच्या गटागटाचे रसायन वेगळे असल्यामुळे हरभऱ्याचे पाकीट सोयाबीनला चालत नाही. इथपर्यंतची कथा पाठ्यपुस्तकात असते. त्यापुढचा भाग असा की जॉन लो, गॅरी स्टेसी आणि सहकाऱ्यांनी २००१ व २००२ मध्ये दाखवले, की ब्रॅडीरायझोबियमची वस्ती दाट झाली की गाठी बांधण्याची जनुके जोर धरण्याऐवजी मंदावतात, आणि हे मंदावणे जिवाणूंनीच सोडलेल्या एका संदेशामुळे होते. पुढे २०११ मध्ये याच जिवाणूत आयसोव्हॅलेरिल होमोसेरीन लॅक्टोन हा फाटे फुटलेल्या शेपटीचा, तोवर अपरिचित संदेशरेणू सापडला, आणि तो अत्यंत अल्प प्रमाणातही परिणामकारक निघाला.

याचा व्यवहारातील अर्थ असा की दुप्पट पाकिटे चोळली म्हणून गाठी दुप्पट येतील, अशी अपेक्षा ठेवण्यास आधार नाही. दाट झालेल्या वस्तीने गाठी बांधण्याचे काम आखडते का घ्यावे, यावर मतमतांतरे आहेत. गाठीच्या आत गेलेल्या जिवाणूंना गाठी बांधण्याची यंत्रणा अर्थातच नको असते, आणि तिथे दाटी कमाल असते, हा तर्क त्यातल्या त्यात पटणारा आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात तयार होणाऱ्या जिवाणू खतांचा प्रसार या भागात आहे आणि त्यांच्या शिफारशी पिकाच्या उत्पन्नाच्या चाचण्यांवर उभ्या आहेत, जे योग्यच आहे. मात्र त्या चाचण्यांत कधी दिसणारे आणि कधी न दिसणारे फरक समजून घ्यायचे असतील, तर जिवाणूंच्या संख्येबरोबर त्यांच्या संदेशाचे मातीत काय होते, हेही नोंदवावे लागेल.

रोगकारक जिवाणूंच्या बाबतीत संदेशाचा उपयोग वेगळाच असतो. कपाशीच्या पानावर शिरांच्या चौकटीत कोनाकार ठिपके पाडणारा करपा आणि डाळिंबाचा तेल्या हे दोन्ही रोग झँथोमोनास कुळातील जिवाणूंमुळे होतात. या कुळात लॅक्टोनऐवजी एक स्निग्धाम्लच संदेशाचे काम करते. कोबीवर्गीय पिकांच्या झँथोमोनासमध्ये त्याची रचना २००४ मध्ये निश्चित झाली, आणि त्याच्या प्रभावाखाली जिवाणू पेशीभित्ती पचवणारी एन्झाइमे सोडतात व चिकट थरातून सुटे होऊन पसरतात. थोडे असताना हल्ला केला तर झाडाचा प्रतिकार जागा होईल आणि हल्ला फुकट जाईल, म्हणून दाटी होईपर्यंत थांबायचे, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. पण सर्व रोगजंतू या नियमाने वागत नाहीत. पटकीचा जिवाणू, व्हिब्रिओ कॉलरी, विरळ असताना विषारी असतो आणि दाट झाला की विषाची जनुके बंद करून आतड्यातून बाहेर पडण्याच्या तयारीला लागतो. फापिंग दुआन आणि जॉन मार्च यांनी २०१० मध्ये निरुपद्रवी ई. कोलायला पटकीच्या जिवाणूचा दाटीचा संदेश बनवायला लावून उंदरांच्या पिलांना पाजले, तेव्हा पिले मोठ्या प्रमाणात वाचली; शत्रूला खोटी गणपूर्ती दाखवून माघारी धाडण्याचे हे उदाहरण आहे. जनावरांच्या कासदाहाला, म्हणजे गोठ्यातल्या भाषेत दगडीला, अनेकदा कारण होणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस तर आपसांतच भांडतो: संदेश-पेप्टाइडानुसार त्याचे चार गट पडतात. एका गटाचा संदेश दुसऱ्या गटाची यंत्रणा बंद पाडतो, असे रिचर्ड नोविक यांच्या गटाने १९९७ मध्ये सिद्ध केले.

यातूनच जिवाणूंना न मारता त्यांचा निरोप तोडायचा, हा उपचारविचार पुढे आला. सिंगापूरमधील संशोधकांनी बॅसिलसच्या लॅक्टोनेझचे जनुक तंबाखू व बटाट्यात घालून मऊ कूज रोखल्याचे २००१ मध्ये प्रसिद्ध केले. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील एका तांबड्या शैवालातील फ्युरॅनोन द्रव्ये हेच काम करतात, असे त्याआधी आढळले होते. मारले जात नाही म्हणून प्रतिकारही निर्माण होणार नाही, अशी मोठी आशा तेव्हा बोलून दाखवली गेली, आणि ती अवास्तव होती. फ्युरॅनोनला दाद न देणारे स्यूडोमोनास या जिवाणूचे वाण २०१२ मध्ये सापडले. त्याहून खोल अडचण अशी, की गणपूर्तीनंतर सोडली जाणारी एन्झाइमे सर्वांच्या उपयोगाची असल्यामुळे, ती स्वतः न बनवता आयता लाभ घेणारे वाण प्रत्येक वस्तीत वाढत जातात, आणि त्यांच्यामुळे संसर्गाची धार आपोआप बोथट होते. संदेश औषधाने तोडला की फुकट्यांचा हा फायदाच संपतो. श्वसननलिकेत नळी घातलेल्या रुग्णांना गणपूर्तीत अडथळा आणणारे ॲझिथ्रोमायसिन दिल्यावर संदेश ओळखणारे, म्हणजे अधिक घातक, मूळ वाणच टिकून राहिल्याचे २०१० मध्ये दिसून आले. रुग्णालयातील कॅथेटरवर साचणाऱ्या जिवाणूंच्या चिकट थरांवर हा मार्ग पूरक म्हणून उपयोगी पडू शकेल, पण प्रतिजैविकांची जागा तो घेईल असे मानण्यास आज आधार नाही.

शेतीतील प्रश्नांना मात्र महागड्या उपकरणांवाचूनही हात घालता येतो. क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलॅसियम हा जिवाणू गणपूर्ती झाली की जांभळे रंगद्रव्य बनवतो. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा सीव्ही०२६ हा बदललेला वाण संदेश स्वतः बनवू शकत नाही, पण बाहेरून मिळाला तर जांभळा होतो. अगारच्या पेट्री थाळीत त्याची एक रेघ ओढायची आणि शेजारी सोयाबीनच्या गाठीतून किंवा मुळालगतच्या मातीतून वेगळ्या केलेल्या जिवाणूची दुसरी रेघ. दिवस-दोन दिवसांत दोन रेघांच्या जवळच्या टोकाला जांभळा पट्टा उमटला तर संदेश आहे. बीड किंवा अंबाजोगाईच्या कुठल्याही महाविद्यालयातील सूक्ष्मजीवशास्त्र विभागाला झेपेल अशी ही चाचणी आहे. तिच्या मर्यादा ठाऊक असाव्या लागतात: हा वाण आखूड शेपटीच्या लॅक्टोनांनाच उत्तर देतो, लांब शेपटीच्या रेणूंनी तर त्याचा रंग उलट दबतो, आणि झँथोमोनासचे स्निग्धाम्ल किंवा ग्राम-धन जिवाणूंची पेप्टाइडे त्याला कळतच नाहीत, म्हणून थाळी पांढरी राहिली याचा अर्थ माती मुकी आहे असा होत नाही. गोदाकाठची काळी माती आणि धारूरच्या डोंगरावरची मुरमाड माती, वाफशावर एकदा आणि खंडात एकदा, शेजारी सामूची नोंद ठेवून अशी तपासली, तर चुनखडीच्या रानात संदेश किती टिकतो याचा पहिला अंदाज एका खरिपात हाती येऊ शकेल.